बाउहाउसची नाणी घेताय? आधी उठाव बघा

प्रश्न असा आला: "मी कोथरूडला राहते, इंटिरिअर डिझाइन शिकते. बाउहाउस, मोंद्रियान, क्लिम्ट अशा आधुनिक कलेवरची स्मारक नाणी जमवायची आहेत. सुरुवातीला पंधरा हजार रुपये आहेत. ऑनलाइन एक रंगीत चांदीचं नाणं आवडलंय: नियुए देशाचं, १७.५ ग्रॅम, ९९९ चांदी, लाकडी बॉक्स आणि सर्टिफिकेटसह साडेअकरा हजार. घेऊ का? पुण्याच्या पावसाळ्यात चांदी काळी पडते, मग ठेवायचं कसं? आणि पुढे किंमत वाढेल का?"

नमस्कार. बाउहाउस ही जर्मनीतली आधुनिक डिझाइनची शाळा, मोंद्रियान डच आणि क्लिम्ट ऑस्ट्रियन चित्रकार, हे तुम्हाला माहीतच आहे. "घेऊ का" याचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. तुम्हाला आधुनिक कलेचं चित्र छापलेलं नाणं हवंय, की जे नाणं स्वतःच आधुनिक डिझाइन आहे ते? विकणारे दोन्हींना एकाच मथळ्याखाली टाकतात, पण पैसे कुठे घालायचे हे याच फरकावर ठरतं.

एक ठळक उदाहरण सांगतो. १९५१ साली ब्रिटनमध्ये फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन झाला. युद्धानंतरची नवी वास्तुरचना आणि नवं डिझाइन लोकांपुढे मांडणारा तो उत्सव होता. त्याच्यासाठी पाच शिलिंगचा क्राउन काढला, तांबं-निकेलचा, ३८.६१ मिलिमीटर व्यासाचा. त्यावर काय होतं? पिस्त्रुची या खोदकाराने १८१७ च्या सुमारास केलेला घोड्यावरचा संत, सेंट जॉर्ज. निमित्त आधुनिक, नाणं मात्र जुन्याच वळणाचं. आता उलट बाजू बघा. १९८२ पासूनचं नेदरलँड्सचं साधं चलनी गिल्डर ब्रूनो निनाबर फान आयबेन या डिझायनरचं आहे. राणी बेआट्रिक्सचा अर्धाच चेहरा, उभ्या रेषा, मागे मोठा आकडा आणि पुन्हा रेषा. कसलीही जयंती नाही, शताब्दी नाही. तरी ग्रिड, म्हणजे डिझाइनमधली रेषांची चौकट, काय असते हे शिकवायला यापेक्षा स्वस्त वस्तू सापडणार नाही. निकेलचं आहे, २५ मिलिमीटर, ६ ग्रॅम, चुंबकाला चिकटतं. २००२ मध्ये चलनातून गेल्यामुळे ते किरकोळ भावात मिळतं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात परदेशी चिल्लरीच्या ढिगात असं एखादं हाती लागू शकतं.

म्हणून आधी उठाव बघायचा, म्हणजे नाण्याच्या सपाटीतून वर आलेली आकृती. नाण्याची चकती दोन-तीन मिलिमीटर जाड असते आणि तिच्यावरचा उठाव मिलिमीटरच्या काही दशांश भागांत मावतो. साचा दाबला की धातू खोलगट जागांकडे सरकतो. दोन्ही बाजूंना नेमक्या समोरासमोर उंच जागा आल्या तर धातू पुरत नाही आणि तिथला छाप बोथट उतरतो. छायेच्या हळुवार छटा, ब्रशचे फटकारे, पातळ रंग यातलं काही धातूत उतरत नाही. सरळ रेषा, स्पष्ट कडा, वर्तुळ, अक्षर, एका बाजूने दिसणारी आकृती हे मात्र फार सुंदर उतरतं. बाउहाउस आणि दे स्टाइल (मोंद्रियानचा डच कलापंथ) यांची भाषा म्हणूनच नाण्याला मानवते. पण मोंद्रियानचा लाल चौकोन दाखवायचा कसा? खोदकाम करणाऱ्यांकडे याला जुना उपाय आहे: रंगाच्या जागी रेघा. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे पिवळा. युरोपात कुलचिन्हं छापताना शतकानुशतकं हाच संकेत चालत आला आहे. दुसरा उपाय म्हणजे एक भाग आरशासारखा आणि शेजारचा दुधी ठेवणं. कुठलंही नाणं बघताना स्वतःला विचारा, रंग काढून घेतला तर काय उरतं? काहीच उरत नसेल तर चांदीच्या चकतीवर छापलेलं पोस्टकार्ड म्हणून त्याची किंमत ठरवा.

तुम्ही पाहिलेलं नाणं बहुधा याच जातीचं आहे. नियुए, कुक आयलंड्स, पलाऊ अशा छोट्या देशांच्या नावाने अनेक खासगी टांकसाळी संग्राहकांसाठी नाणी काढतात. ती बेकायदा नसतात, बनावटही नसतात. पण ती त्या देशाच्या बाजारहाटात फिरत नाहीत, आणि त्यांचा विषय त्या देशाच्या कलेतून आलेला नसतो. १७.५ ग्रॅमला त्या दिवशीच्या चांदीच्या प्रति ग्रॅम भावाने गुणा. जी रक्कम येईल ती धातूची. साडेअकरा हजारांतून ती वजा केली की उरतं ते रंग, लाकडी बॉक्स आणि सर्टिफिकेट यांचं. विकायला जाल तेव्हा पहिल्यांदा घसरतो तो हाच भाग. नुसतं आवडलंय म्हणून, भिंतीवरच्या चित्रासारखं घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण पंधरा हजारांतले साडेअकरा हजार पहिल्याच खरेदीत त्यात जावेत असं मला अजिबात वाटत नाही.

मग घ्यायचं काय? पहिलं नाणं इटलीचं साधं २० सेंट. त्यावर उंबेर्तो बोच्चोनी या फ्यूचरिस्ट (गती आणि यंत्रयुग मांडणाऱ्या पंथातल्या) शिल्पकाराची १९१३ ची चालणारी आकृती आहे, 'अवकाशातल्या सातत्याची अनन्य रूपं' या नावाचं शिल्प. पावलागणिक हवा कापत जाणारा देह आणि मागे उडणारे धातूचे पदर. शिल्प बाजूने पाहिल्यावरच पूर्ण उमगतं, आणि नाण्याला नेमकी तीच बाजू लागते. व्यास २२.२५ मिलिमीटर, वजन ५.७४ ग्रॅम. धातू नॉर्डिक गोल्ड म्हणजे ८९ टक्के तांबं, ५ टक्के अॅल्युमिनियम, ५ टक्के जस्त आणि १ टक्का कथील. सोन्याचा त्यात कणही नाही. काठावर सात खाचा असतात. २००२ पासून चलनात आहे. युरोपातून येणाऱ्या नातेवाइकांना सांगून ठेवा, दर्शनी मूल्य वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास पडतं. कोऱ्यातलं कोरं निवडा, कारण नॉर्डिक गोल्डवर बोटांचे तपकिरी ठसे उमटतात आणि मग जात नाहीत.

दुसरा गट पोलंडचा. तिथल्या मध्यवर्ती बँकेने चित्रकारांवर एक मालिका काढली आणि तिच्यात २००९ साली व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की आला. पोलिश अवांगार्दमधलं, म्हणजे नवे प्रयोग करणाऱ्या कलावंतांमधलं, हे अगदी मध्यवर्ती नाव. त्याचं २ झ्लॉटीचं नाणं नॉर्डिक गोल्डचं, २७ मिलिमीटर, ८.१५ ग्रॅम. याच मालिकेतली २० झ्लॉटीची चांदीची नाणी आयताकृती आहेत, ४० बाय २८ मिलिमीटर, वजन २८.२८ ग्रॅम. तुमच्या अंदाजपत्रकात आधी दोन झ्लॉटी बसवा. फिनलंडचं २०१२ चं २ युरो हेलेने श्येर्फबेक या चित्रकर्तीच्या दीडशेव्या जयंतीचं आहे. २ युरोची स्मारक नाणी सगळ्या युरो देशांत चालतात. ५, १०, २० युरोची संग्राहक नाणी मात्र ज्या देशाने काढली तिथेच चलन म्हणून ग्राह्य असतात. जर्मनीचं २० युरो घेऊन पॅरिसमध्ये कॉफी मिळणार नाही.

आता चांदी, आणि तुमचा मुख्य हट्ट: बाउहाउस. वाल्टर ग्रोपिउसने १९१९ मध्ये वायमारला ही शाळा काढली, १९२५ ला ती डेसाउला गेली, १९३२ ला बर्लिनला आणि १९३३ मध्ये बंद झाली. जर्मनीने तिच्यावर दोनदा चांदीचं नाणं काढलं: २००४ मध्ये डेसाउच्या इमारतीवर १० युरो आणि २०१९ मध्ये शताब्दीचं २० युरो. दोन्ही ९२५ चांदीची (हजार भागांत ९२५ भाग चांदी), १८ ग्रॅम, ३२.५ मिलिमीटर. म्हणजे शुद्ध चांदी १६.६५ ग्रॅम. ही दोन नाणी तुमच्या संग्रहाचा कणा होऊ शकतात. पण "जर्मन दहा युरो" म्हणून कोणी काहीही पुढे केलं तर साल बघा. २०११ ते २०१५ मधली साधी १० युरो तांबं-निकेलची आहेत, १४ ग्रॅमची, आणि त्याच काळातली प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत काढलेली) ६२५ चांदीची, १६ ग्रॅमची. टांकसाळ अक्षराने कळते: ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग. या दोन नाण्यांत साधं की प्रूफ? मी साधं सुचवेन. प्रूफची आरशासारखी सपाट जागा डोळ्यांत भरते, पण एक केसाएवढा ओरखडाही तिच्यावर लपत नाही. भौमितिक डिझाइनमध्ये मोकळी जागा जास्त, त्यामुळे ओरखड्याला जागाही जास्त.

नेदरलँड्सचं २००८ चं वास्तुरचनेवरचं ५ युरो जमलं तर नक्की घ्या. श्तानी मिखिल्स या कलाकाराने त्याचं डिझाइन कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहून केलं. राणीचा चेहरा डच वास्तुरचनाकारांच्या बारीक अक्षरांतल्या नावांनी बनलेला आहे. मागच्या बाजूला उभी पुस्तकं इमारतींसारखी कडेने रचली आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत देशाचा नकाशा उमटतो. हे दहा पटीच्या भिंगाखालीच वाचता येतं आणि ते वाचताना वेळ कसा जातो कळत नाही. २०१३ चं दे स्टाइलचा वास्तुरचनाकार रीतफेल्ट याच्या श्रोडर घराचं आणि २०२२ चं मोंद्रियानचं ५ युरोही याच देशाचं. इथे एक खाच आहे: नंतरच्या वर्षांत ५ युरोची साधी आवृत्ती तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली असते आणि प्रूफ आवृत्ती खऱ्या चांदीची. लिस्टिंगमध्ये "सिल्व्हर" शब्दाच्या पुढे-मागे काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा.

क्लिम्टचा मोह सध्या आवरा. ऑस्ट्रियाची "क्लिम्ट आणि त्याच्या स्त्रिया" ही मालिका २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत आली. दर्शनी मूल्य ५० युरो, व्यास २२ मिलिमीटर आणि प्रत्येकात १० ग्रॅम शुद्ध सोनं. पाच नाण्यांवर के, एल, आय, एम, टी ही अक्षरं एकेक करून येतात. एकाच नाण्याला तुमचं अंदाजपत्रक कितीतरी पटींनी अपुरं पडेल. त्याच चित्रांच्या सोनेरी मुलाम्याच्या चकत्या हजार-दोन हजारांत दिसल्या तर देशाचं नाव, दर्शनी मूल्य आणि साल हे तिन्ही आहेत का ते पाहा. एक जरी नसेल तर ते बहुधा पदक, नाणं नव्हे.

भारतातलं विसरू नका. तुमच्या पर्समधलं २० रुपयांचं बारा बाजूंचं नाणं, २७ मिलिमीटर आणि ८.५४ ग्रॅमचं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या मदतीने बनलेल्या मालिकेतलं आहे. अंधांना बोटांनी ओळखता यावं हा त्या मालिकेमागचा हेतू. त्याआधीची हस्तमुद्रा मालिका याच संस्थेची: पन्नास पैशांवर मूठ, एका रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. स्मारक नाण्यांत २०११ चं रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीचं १५० रुपयांचं घेण्यासारखं आहे, कारण चित्रकार रवींद्रनाथ आधुनिक भारतीय कलेच्या उंबरठ्यावरचे. ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम. त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त, म्हणजे शुद्ध चांदी १७.५ ग्रॅम. जर्मन बाउहाउसपेक्षा जराशी जास्तच. दोघांचे भाव शेजारी मांडले की कुठे किती अधिक मोजतोय ते लगेच दिसतं. नवीन भारतीय स्मारक नाणी सरकारी टांकसाळीच्या वेबसाइटवर नोंदणी करून मिळतात. मुंबईची खूण चलनी नाण्यांवर पत्त्यातल्या चौकटसारखा हिरा, प्रूफवर एम. हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याला खूण नसते.

पुणेकर म्हणून एक लाडकं नाव सांगतो. आकुर्डीच्या बजाजने साठच्या दशकात इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवल्या. १९४६ चं ते डिझाइन कोर्रादिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याचं. इटलीने २०१९ मध्ये वेस्पावर ५ युरोचं नाणं काढलं. ते रंगीत आहे, म्हणजे माझ्याच नियमात अडकतं. तरी आकृती उठावात उभी आहे, म्हणून मी त्याला सूट देतो.

थोडक्यात, पंधरा हजारांची वाटणी अशी करा. दोन-अडीच हजार साधनांना. हजारभर रुपये बोच्चोनी, गिल्डर, पोलिश झ्लॉटी आणि दोन युरो यांना. बाकीचे एक-दोन खऱ्या चांदीच्या नाण्यांना. चांदीचा भाव चढलेला असेल तर दोनाच्या जागी एक.

साधनं म्हणजे ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, दहा पटीचं भिंग आणि कॅप्सूल, म्हणजे नाणं ठेवायची पारदर्शक गोल डबी. नाणं हाती आलं की आधी वजन आणि व्यास पाहा. शंका राहिली आणि नाणं साध्या फिनिशचं असेल तर घनता काढा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेलं पाणी. नाण्याच्या वजनाला त्याने भागा. ९२५ चांदीची घनता सुमारे १०.३६, म्हणजे १८ ग्रॅमच्या नाण्याला आकडा १.७४ च्या जवळ यायला हवा. त्याच वजनाचं मुलामा दिलेलं तांबं २.०१ दाखवेल. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून दोरा हलका हलवून ते झटका. प्रूफ आणि रंगीत नाण्यांवर हा प्रयोग करू नका. सराफाकडे नेलंत तर दगडावर कस लावू देऊ नका, एकदा घासलं की नाण्याचं मोल संपलं. मशीनवर टंच (शुद्धता) काढायला सांगा. पण ते मशीन वरचा थरच वाचतं, जाड मुलाम्याला ते फसू शकतं, म्हणून घनता आणि टंच दोन्ही जुळायला हवेत.

बाहेरून मागवणार असाल तर नाण्याच्या किमतीवर आणि टपालखर्चावरही कर लागतो हे हिशेबात धरा. दर वर्गवारीनुसार आणि अर्थसंकल्पानुसार बदलतो, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात कस्टमचा चालू दर पाहा. अनेक देशांच्या टपालात नाणी साध्या पाकिटाने पाठवायला मनाई असते, विमा उतरवलेलंच पार्सल मागा. विकणाऱ्याला "गिफ्ट लिहा" म्हणू नका. पार्सल अडकलं तर खऱ्या बिलाशिवाय सोडवता येत नाही, आणि हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीपुरताच मिळतो.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत ओल असते आणि चांदी काळी पडते ती गंधकामुळे. ओल त्या कामाला हातभार लावते. गंधक येतं कुठून? रबर बँड, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड, स्वस्त पुठ्ठा. देवघराच्या कपाटात धुपाच्या वाफेत नाणी ठेवू नका, प्लायवूडच्या नव्या ड्रॉवरमध्येही नको, डांबरगोळ्या तर नकोच. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने वर्ष-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. कडक पॉलिएस्टरची पाकिटं किंवा नेमक्या मापाच्या कॅप्सूल घ्या: जर्मन नाण्याला ३२.५, रवींद्रनाथांना ४४, दोन युरोला २६ मिलिमीटर. सैल कॅप्सूलमध्ये नाणं हलतं आणि काठ घासतो. कॅप्सूल कोरड्या दिवशी, फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद करणं उत्तम. पावसात बंद केली तर ओल आतच कोंडली जाते. सगळ्या कॅप्सूल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी. रंग बदलला की दाणे काढून ११०-१२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये सुकवा, म्हणजे पुन्हा कामाला येतात.

हिरवा थर आलाच तर शुद्ध अॅसिटोन, केमिकलच्या दुकानातला. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत पाच-दहा मिनिटं, खिडकी उघडी, गॅसपासून लांब, मग नव्या अॅसिटोनमध्ये एक बुडी आणि हवेत वाळवणं. पुसायचं नाही. रंगीत नाण्याला अॅसिटोन लावलं तर रंगच उतरेल. आणि चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काही चांदीला कधीच लावू नका. देवाची भांडी उजळतात, पण नाण्याच्या वरच्या थरातली टांकसाळीची चमक कायमची जाते. मुलाम्याच्या डच नाण्याचं तर खालचं तांबं दिसायला लागेल.

किंमत वाढेल का? चांदीच्या नाण्याची खालची पायरी चांदीच्या भावाने ठरते, आणि ती वर-खाली होते. त्यावरचं जादा मोल टिकेल की नाही हे किती नग निघाले, त्या विषयाचे संग्राहक किती आहेत आणि नाणं किती स्वच्छ राहिलं यावर अवलंबून असतं. युरोपातली बहुतेक आधुनिक स्मारक नाणी धातूच्या भावाच्या जवळपासच फिरतात. विकताना व्यापारी स्वतःचं मार्जिन ठेवूनच भाव देईल, तेव्हा वर्षभरात विकून फायदा होईल असं गृहीत धरू नका. गुंतवणूकच हवी असेल तर साधी चांदी घ्या, तिच्यात कॅप्सूल आणि ओरखड्यांची काळजी नसते.

प्रत्येक नाण्यासाठी एक छोटी चिठ्ठी करा: देश, साल, धातू, मोजलेलं वजन, मोजलेला व्यास, खरेदीची तारीख, दिलेली किंमत. परदेशातून आलं असेल तर कस्टमची पावती त्याच पाकिटात, पण नाण्याला न टेकता. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. चिठ्ठीच्या मागे एक ओळ स्वतःसाठी ठेवा: या नाण्यावर रंग नसता तर मी ते घेतलं असतं का.